एक चमचा मला, एक त्यांना

भावजयीची नोकरी कायम झाली तर आपल्याला काय मिळणार, याची मोजदाद वन्संनी बोटांवर करून ठेवली होती आणि त्या मोजदादीला एकच बोट पुरलं होतं. खोली. कायम झालेल्या संशोधकांना संस्थेच्या आवारात चार खोल्यांचं घर मिळायचं. चौथी खोली मागच्या अंगाला होती. लहानशी, खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची आणि एक पाइप सतत ठिबकायचा. पण दाराला आतून कडी होती. घर बघायच्या निमित्ताने जाऊन वन्संनी ती तीनदा लावून काढून पाहिली होती. चौथ्यांदा त्या आत आणि बाकीचे बाहेर, अशी पाच मिनिटं गेली, तेव्हा भावाने दार ठोठावलं होतं.

गेली चौदा वर्षं वन्सं हॉलमधल्या दिवाणावर झोपत. उशाशी फ्रिज. त्याला रात्रभर काहीतरी सांगायचं असे. पण खोली हवी होती ती झोपेसाठी नव्हे. झोप काय, वन्संना मीटिंगमध्ये उभ्या उभ्याही लागायची. खोली हवी होती ती एका डब्यासाठी.

त्याचं असं झालं, की सहा महिन्यांपूर्वी वन्संच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं, आणि त्याची अंमलबजावणी धाकट्या भावाने हातात घेतली. हा धाकटा भाऊ म्हणजे छोटू. वय चव्वेचाळीस, वजन ब्याण्णव. इमारतींच्या लिफ्ट तपासायची त्याची नोकरी. वर जाणाऱ्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्या नोकरीतला पहिला धडा, आणि तो त्याने घरी आणून बहिणीच्या साखरेला लावला. घरातली साखर कुलपात गेली. ताईच्या नावाने एक वही निघाली. दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तपासणी, आकडा वहीत, शेजारी छोटूची सही.

आकडे मात्र असे सुरेख येत, की डॉक्टर ती वही इतर रोग्यांना दाखवत. कारण सरळ होतं. अठ्ठावीस तारखेच्या आधी चार दिवस वन्सं जिभेवर गोडाचा कण ठेवत नसत. राहिलेल्या दिवसांसाठी ग्लुकोज पावडरचा एक डबा होता, आणि तो छोटूच्या कायद्याबाहेर, संस्थेच्या मीडिया रूममध्ये, मोठ्या फनेलमागे उभा होता.

मीडिया रूम म्हणजे प्रयोगशाळेचं स्वयंपाकघर. संशोधक ज्या जिवाणूंवर प्रयोग करतात त्यांना खायला लागतं. ते खाणं वन्सं अठ्ठावीस वर्षं रांधत होत्या. पाण्यात पावडरी विरघळवायच्या, फ्लास्क भरायचे, तोंडाला कापूस लावायचा आणि ऑटोक्लेव्हमध्ये, वन्संच्या भाषेत मोठ्या कुकरमध्ये, उकडून काढायचे. भावजय नंतर तिथे संशोधक म्हणून आली. पहिल्याच दिवशी तिने सवयीने "वन्सं" अशी हाक मारली आणि सगळ्या संस्थेने ती उचलली. आता संचालकसुद्धा, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत आणि जे वन्संपेक्षा सहा वर्षांनी मोठे होते, ते त्यांना वन्सं म्हणत.

दुपारी तीन वाजता खोलीत कुणी नसे. वन्सं डबा काढत, एक चमचा जिभेवर ठेवत आणि डोळे मिटत. पहिल्या दिवशी डोळे उघडले तर समोर भावजयीच्या जिवाणूंसाठी केलेल्या खाण्याचे दोन फ्लास्क गार व्हायला ठेवलेले. पिवळट, पाणीदार, आजाऱ्याला देतात तसं खाणं. वन्संना कसंसंच झालं. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला न देता तोंडात काही टाकलं नव्हतं.

"घ्या रे," त्या म्हणाल्या, आणि एक चमचा त्यांनाही घातला.

नियम पक्का झाला. एक चमचा मला, एक त्यांना. दुसऱ्या दिवशी ते जिवाणू असे काही वाढले, की फ्लास्कमधलं पाणी दाट, गढूळ झालं. वन्संच्या मते त्यांनी बाळसं धरलं होतं. आपल्या हातचं खाऊन कुणी बाळसं धरलं, की वन्सं ते कुणाला सांगत नसत, नजर लागेल म्हणून.

*

भावजयीचा प्रयोग वन्संना अर्धा कळला होता आणि अर्धा राहिला होता. त्याला जबाबदार छोटू.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं होतं, "अगं, तुझे ते जंतू करतात तरी काय?"

"काही करत नाहीत, वन्सं. तीच तर गंमत आहे. म्हणजे करू शकतात, पण कधी करायचं ते मी ठरवणार. प्रत्येक पेशीत ढीगभर जनुकं असतात. सगळी एकदम चालू नसतात. आता यांचंच बघा." तिने नवऱ्याकडे चमचा रोखला. "यांच्यात स्वयंपाकाचं जनुक आहे."

"कुठे आहे?" वन्संनी छोटूला नीट पाहिलं.

"आहे. पण बंद आहे."

"आमच्या वडिलांना यायचा ना स्वयंपाक," छोटू घास गिळत म्हणाला. जणू कामाचा दाखलाच दिला.

"तर मी काय केलंय, जेलीफिशमधलं चमकायचं जनुक जिवाणूत घातलंय आणि त्याच्याआधी एक स्विच बसवलाय. अरॅबिनोज म्हणून एक निराळीच साखर असते. ती टाकली, की स्विच चालू आणि जिवाणू हिरवे चमकतात. नाही टाकली, की अंधार. आणि जर का त्यांना आयतं—"

"ताई, वाढ," छोटू म्हणाला.

वन्सं उठल्या. भांडं आणलं, वाढलं, वर आणखी वाढलं, हवं का विचारलं, नको म्हटल्यावर वाढलं. परत बसल्या तेव्हा विषय पाण्याच्या बिलावर गेला होता.

चालू करणारी साखर वन्संना कळली. "जर का" च्या पुढचं त्या भांड्याबरोबर वाहून गेलं.

आणि जिवाणू चमकेनात. भावजय स्विच टाके, निळा दिवा लावून बघे, आत काळोख. तिने जनुक पुन्हा वाचून घेतलं, अक्षर न अक्षर बरोबर. अरॅबिनोजची नवी बाटली मागवली. फ्लास्क हलवणारा शेकर बदलला, नळाचं पाणी तपासलं, व्होल्टेज तपासलं, एकदा तर रागाच्या भरात पडदे बदलले. मग एक दिवस ते आपोआप चमकले. पाच दिवस चमकले. पुन्हा विझले. तिने मोठा कागद घेतला, त्यावर सहा महिन्यांच्या तारखा आखल्या आणि चमकलेल्या दिवशी हिरवा ठिपका द्यायला लागली. ठिपके दर महिन्याला चोवीस ते अठ्ठावीस. का, ते देव जाणे आणि जिवाणू जाणोत.

कंत्राट महिनाअखेर संपत होतं. तिघांची समिती येऊन प्रयोग बघणार, चमकला तर कायम, नाही तर टेबल रिकामं करायचं. भावजयीने समितीला सत्तावीस तारीख दिली. कारण कळत नसलं तरी ठिपके तिच्या बाजूने होते.

तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की या महिन्यात डॉक्टर रजेवर होते. तपासणी पुढच्या तीन तारखेवर गेली होती. म्हणजे या महिन्यात वन्संना चोवीसपासून उपास धरायचं कारण नव्हतं. आणि सव्वीस तारखेला दुपारी, पोरांची उद्या परीक्षा म्हणून, वन्संनी त्यांना दोन चमचे घातले.

*

त्या संध्याकाळी भावजय तो ठिपक्यांचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरून बसली होती. जागा कमी म्हणून छोटूने वन्संची साखरेची वही त्याच्या कोपऱ्यावर ठेवली. वही उघडी होती. अठ्ठावीस, सही. अठ्ठावीस, सही. वन्संची नजर वहीवरून कागदावर गेली, कागदावरून वहीवर आली. हिरवे ठिपके येत, येत, अठ्ठावीसपर्यंत येत आणि थांबत. एकोणतीसला कोरं.

एकोणतीसला काय असे, ते वन्संच्या जिभेला पाठ होतं.

"ताई, मीठ," छोटू म्हणाला.

चौदा वर्षांत पहिल्यांदा वन्सं उठल्या नाहीत.

"अगं," त्या म्हणाल्या, "तू मागे ते सांगत होतीस, जर का त्यांना आयतं. आयतं काय?"

"ग्लुकोज. आयतं ग्लुकोज समोर असलं, की ते दुसऱ्या साखरेकडे ढुंकून बघत नाहीत. स्विच दाबा, हातापाया पडा, ढिम्म. कशाला कष्ट घेतील? पण ते इथे लागू नाही."

"का नाही?"

"ग्लुकोज येणार कुठून? मी सगळं तपासलंय. फक्त खाणं तेवढं तपासलं नाही."

"ते का नाही तपासलंस?"

भावजयीने वर पाहिलं. "तुम्ही केलेलं खाणं? वन्सं, मला या घरात राहायचंय."

छोटूने स्वतः उठून मीठ आणलं. म्हणजे साखर आणली. कुलूप त्याचंच, किल्ली त्याचीच, बरणी चुकली. त्याने ते तसंच खाल्लं.

वन्सं दिवाणावर पडल्या आणि त्यांनी हिशेब मांडला. सांगितलं तर डबा जाणार. वही खोटी ठरणार. छोटू आयुष्यभर लिफ्टसारखं आपल्याला वर-खाली करून बघणार. आणि अठ्ठावीस वर्षं ज्यांच्या खाण्याला कुणी बोट लावलं नाही, त्या वन्सं, चमचा घालणाऱ्या वन्सं म्हणून ओळखल्या जाणार. नाही सांगितलं तर नोकरी जाणार, खोली जाणार, कडी जाणार. मग तिसरा मार्ग सुचला आणि त्यांना लगेच झोप लागली. तिसरा मार्ग सुचला, की झोप लागतेच. तो बरोबर असण्याची गरज नसते.

सकाळी सात वाजता वन्संनी नवं खाणं रांधलं. चमचा नाही. चमच्याची सावलीही पडू नये म्हणून डब्यावर टॉवेल टाकला. साडेआठला भावजय आली तर वन्सं तिच्या टेबलाशी उभ्या, हातात फ्लास्क.

"हे घे. कालचं टाकून दे."

"का? नासलंय?"

"माझं खाणं नासेल?"

"मग टाकू कशाला?"

याचं उत्तर वन्सं डब्यावरच्या टॉवेलखाली ठेवून आल्या होत्या. "मनात आलं म्हणून म्हटलं," त्या पुटपुटल्या. "यातही थोडे टाक. बघ तरी."

भावजयीने मन मोडलं नाही. नणंदेचं मन मोडायचं म्हणजे घरात भूकंपाची पूर्वसूचना. पण कालचं टाकलंही नाही. संशोधकाला टाकवत नाही. दोन्ही फ्लास्कमध्ये जिवाणू सोडले, अकराला दोन्हीत अरॅबिनोज टाकलं, चिकटपट्ट्या लावल्या: कालच्यावर "वन्सं १", आजच्यावर "वन्सं २". वन्संनी दोनदा "वन्सं १" ट्रॉलीवरून उचलून मोरीकडे न्यायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा भावजयीने तो परत आणला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "बसा जरा. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आलंय."

*

चार वाजता समिती काळोख्या खोलीत जमली. एक स्वतः मोठे सर. दुसरे एक साहेब, जे अंधार झाल्याबरोबर झोपले. आणि तिसऱ्या एक चष्मेवाल्या बाई. त्यांची ख्याती अशी, की लिफ्टमध्ये शिरताना त्या लिफ्टला कुठे चाललीस म्हणून विचारत. वन्सं ट्रॉली घेऊन दाराशी. निघून जायचं सोडून तिथेच थांबल्या होत्या.

भावजयीने निळा दिवा लावला.

"वन्सं २" असा हिरवागार पेटला, की झोपलेले साहेब जागे होऊन "सिग्नल मिळाला" म्हणाले. "वन्सं १" काळाठिक्कर.

"वा!" मोठे सर म्हणाले. "पहिल्यात तुम्ही ते, काय ते, स्विचवाली साखर टाकलेली नाही. तुलनेसाठी."

भावजयीला नुसती मान हलवायची होती. एवढीशी मान. घर, पगार, चार खोल्या, सगळं त्या मानेवर होतं. पण ती खोटं बोलायला शिकली नव्हती. त्या घरात ते काम दुसऱ्यांकडे होतं.

"दोन्हीत टाकली आहे, सर."

"मग फरक कशाचा?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"मला... माहीत नाही."

"स्विच तुमचा, जिवाणू तुमचे, आणि फरक कशाचा ते माहीत नाही?" पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज झाला. कागदावर काहीतरी लिहिलं जाऊ लागलं आणि वन्संना ती मागची खोली, ती टाकी, तो ठिबकणारा पाइप, सगळं त्या पेनाखाली पुसलं जाताना दिसलं. खोलीबरोबर भावजयीचा चेहराही दिसला, हिरव्या उजेडात, गिळून टाकलेल्या रडण्यासकट. तोंडातलं तोंडात राहीना.

"दोन चमचे," अंधारातून आवाज आला.

"कोण बोललं?"

"मी. वन्सं. पहिल्यात दोन चमचे ग्लुकोज आहे. दुसऱ्यात नाही. एरवी एकच घालते."

"एरवी म्हणजे?"

"रोज."

"का?" चष्मेवाल्या बाईंनी असं 'का' इतक्या मनापासून कधी विचारलं नसेल.

"एकटीने खाणं बरं दिसत नाही."

मोठ्या सरांनी दिवा लावला. वन्संनी डोळे बारीक केले, पण तोंड आता थांबायला तयार नव्हतं. डबा, फनेल, छोटू, चार दिवसांचा उपास, रजेवर गेलेले डॉक्टर, सगळं बाहेर पडलं. शेवटी त्यांनी, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून सकाळीच पर्समध्ये टाकलेली साखरेची वही काढली आणि भावजयीने समितीसाठी भिंतीवर लावलेल्या ठिपक्यांच्या कागदाखाली धरली. "ही बघा. मी खात होते तेव्हा हे बंद. मी सोडलं, की हे चालू. सहाही महिने. तारखेसकट."

भावजय वहीकडे बघत होती, कागदाकडे बघत होती. आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा आहे की हसण्याचा, हे तिलाही लगेच ठरवता आलं नाही. "म्हणजे स्विच चालत होता," ती म्हणाली. "सहा महिने चालत होता! आयतं मिळालं की बंद, आयतं संपलं की चालू. जसा व्हायला हवा तस्सा!"

चष्मेवाल्या बाईंनी लिहिलेलं खोडलं. "मला आजवर चमकणारे जिवाणू सगळ्यांनी दाखवले," त्या म्हणाल्या. "न चमकण्याचं सहा महिन्यांचं रेकॉर्ड कुणी दाखवलं नव्हतं. तेही संशोधकाला स्वतःला न कळता! यात लबाडीला वावच नाही." मग वन्संकडे बघून, "म्हणजे संशोधकाच्या बाजूने नाही."

"एका चमच्यात साधारण किती ग्रॅम?" साहेबांनी विचारलं. आता ते पूर्ण जागे होते.

"शीग लावून की सपाट?" वन्सं म्हणाल्या.

ती वही अहवालाला 'परिशिष्ट ब' म्हणून जोडली गेली. छोटूच्या सहा सह्यांसकट.

*

डबा घरी आणवला गेला आणि त्याची झडती झाली. छोटूने तो तोलून पाहिला, उलटा केला, बुडाशी ठोकून पाहिला आणि शेवटी कचऱ्यात टाकला. टाकण्याआधी बोट बुडवून चाखलं, तपासणीचा भाग म्हणून. आता तपासणी महिन्याला एक नाही. आठवड्याला, आणि तारीख न सांगता.

"ताई, माझा विश्वास होता गं तुझ्यावर."

"खोटं बोलू नकोस. तुझा लिफ्टवर विश्वास नाही, माझ्यावर कुठला?" वन्सं म्हणाल्या. मग त्या भावजयीकडे वळल्या. "काय गं, आयतं मिळत असलं की जनुक बंद राहतं, हे पक्कं ना?"

"आता पक्कं. समितीने सही केलीय."

"मग माझं आयतं बंद केलंत तसं याचंही बंद. नव्या घरात मी याला वाढणार नाही, रांधणार नाही. बघू वडिलांचं ते जनुक."

"अगं, काहीतरी बोल," छोटू बायकोला म्हणाला.

"बोलू काय? मला निकाल बघायचाय," ती म्हणाली आणि नवा कागद आखायला बसली.

नव्या घरात पहिले सात दिवस छोटू बिस्किटांवर राहिला. कागद कोरा. आठव्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरातून गॅस पेटल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा, मग लिफ्टवाल्याच्या सुरात कुणीतरी बटाट्याला "थांब, थांब, थांब" म्हटल्याचा.

वन्सं मागच्या खोलीत होत्या. कडी आतून लावलेली. बाहेर पाइप ठिबकत होता. कपाटात बघितलं, फनेलमागे बघायची सवय म्हणून कपड्यांमागेही बघितलं. लपवायला काही नव्हतं. एवढी चांगली कडी, आणि तिच्याआड नुसत्या वन्सं.

"ताई, जेवायला ये!" छोटूने हाक मारली. चौदा वर्षांत ही हाक उलट्या दिशेने पहिल्यांदाच आली होती. वन्संनी कडी काढली.

टेबलावर बटाटे होते. निदान छोटूचं म्हणणं तसं होतं. वरून काळे, आतून कच्चे. भावजयीने कागदावर हिरवा ठिपका दिला.

तर शेवटचा हिशेब असा: भावजयीला नोकरी मिळाली, वन्संना कडी मिळाली, समितीला परिशिष्ट मिळालं, आणि छोटूचं जनुक चालू झालं. त्याची किंमत जिवाणूंनी भरली असं म्हणायला हवं, कारण दोन्ही फ्लास्क समिती आली त्याच संध्याकाळी वन्संनी मोठ्या कुकरमध्ये उकडून टाकले होते, गोडवाले आणि बिनगोडवाले सारखेच. पण ते एकदाच सुटले. छोटूचे बटाटे मात्र तिघांना रोज खावे लागतात, आणि वन्संना त्याने वाढल्यावर नको म्हणायची सोय नाही, कारण तो म्हणतो, "ताई, एकट्याने खाणं बरं दिसत नाही."